द्राक्षाच्या पानांचा डबा

द्राक्षबागेला नवी पालवी फुटली, की त्या कोवळ्या पानांच्या आंबूस वासाने माझं डोकं आजही तापतं. माझे आईवडील पॅलेस्टाईनचे. बाबा शिकायला नाशिकला आले नि इथेच राहिले, माझा जन्म नाशिकरोडचा. मी पाचवीत असताना आईने माझ्या मैत्रिणीच्या मळ्यातून ही पानं मागवली, त्यांत तांदूळ नि पुदिना भरला, लिंबू पिळून बोटाएवढ्या गुंडाळ्या शिजवल्या आणि मला डब्यात दिल्या. मधल्या सुट्टीत मी झाकण उघडलं, तर वर्गाच्या बाई बाकापाशीच थांबल्या. "अगंबाई, तुमच्याकडे शेळ्यांसारखा पाला खातात?" सगळा वर्ग खिदळला. मी म्हटलं, "आमच्याकडे म्हणजे नाशिकरोडला, बाई." "उलट बोलू नकोस. आत मटण असणार." "नाही बाई, नुसता भात आहे." "तुम्हा मुसलमानांचा काय भरवसा! जा, जिन्यात बसून खा." पानं नाशिकची, तांदूळ इगतपुरीचा, पुदिना आमच्या बाल्कनीतला, आणि परकी कोण, तर मी! जिच्या मळ्यातली पानं, ती मैत्रीणसुद्धा मान खाली घालून पोळी मोडत राहिली. जिन्यातून वर्गाच्या उघड्या दारातलं सगळं दिसत होतं. बाईंनी टेबलावर आपला डबा उघडला आणि मिटक्या मारत खायला लागल्या. डब्यात अळूवडी होती. पालाच तो, गुंडाळलेला! तेव्हा मी जिन्यात बसून डबा संपवला. आता मात्र कुणी मला 'तुमच्याकडे' म्हणालं, की मी त्यांना आधी अळूवडी कशी करतात ते विचारते.