आनंदीबाईंचा विचारण्याचा सोस

"तुम्ही तिला आडनाव विचारलंत."

"विचारलं. तुळसाबाई एवढंच सांगून थांबली ती. पुढचं कोण विचारणार, तिचा अरबी मालक, तो कफील?"

"नवरा काय करतो, तेही विचारलंत."

"हातात हिरव्या बांगड्या होत्या, म्हणून विचारलं. नसत्या तर नसतं विचारलं. तेवढं कळतं मला, कमलाकरभाऊ."

"तीन शुक्रवार झाले, फिरकली नाही."

"ड्यूटी असेल."

"ड्यूटी नाही. नवऱ्याला सोडून आलीय ती. गावच्या चर्चच्या मंडळीनं सभासदांच्या यादीतून नाव कापलं, म्हणून मोठ्या आशेनं इथं आली. आणि तुम्ही दारातच तिचा पंचनामा केलात."

आनंदीबाई धुतलेलेच कप पुन्हा पुसू लागल्या.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. अरबी मुलुखातल्या खमीस मुशैत शहराबाहेर परदेशी इंजिनिअरांची वसाहत होती, आणि तिथल्या खेळाच्या हॉलमध्ये सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी एपिस्कोपल ख्रिस्ती मंडळीची उपासना भरायची. उघड चर्चला देशात बंदी, म्हणून पाटी नाही, घंटा नाही. टेबलटेनिसची जाळी काढून वर पांढरी चादर घातली की झाली वेदी. तेलाच्या पैशानं डोंगरातून रस्ते निघत होते आणि त्या रस्त्यांमागून जगभरची माणसं येत होती. त्यातली कुणीही इथं यावीत, असा या मंडळीचा शिरस्ता. फिलिपिनो, केरळी, सुदानी, घटस्फोट झालेले, बाप्तिस्मा न झालेले, नुसतेच डोकावणारे. या, बसा. कमलाकर ड्राफ्ट्समन, मंडळीचा सगळा कारभार त्याच्याकडे. आणि दारात चहाची किटली घेऊन आनंदीबाई.

बाई मूळच्या नेवाशाकडच्या. मिशनच्या दवाखान्यात वीस वर्षं नर्स, मग इथल्या हॉस्पिटलात. वॉर्डात ऑपरेशनला चाललेला पेशंटसुद्धा त्यांना आपल्या म्हशीचं नाव सांगून मगच बेशुद्ध व्हायचा, असं बाकीच्या नर्सा म्हणत. माणूस दिसलं की बाईंच्या जिभेला खाज सुटायची. कुठले तुम्ही, पोरं किती, डावा पाय ओढत का चालता. त्यांच्या आईनं शिकवलं होतं, दारात आलेल्याला आधी पाणी द्यावं आणि मग "कुठून आलात" विचारावं. न विचारता बसवतात ते वसुली करायला आलेल्याला.

"आपल्याकडं आडनाव कशासाठी विचारतात," कमलाकर हळू आवाजात म्हणाला, "हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

नको होतं. मिशनच्या ख्रिस्ती देवळातसुद्धा कोण कुठल्या वस्तीतून आलं त्यावर बाक ठरायचा. बाईंचा बाक मागून दुसरा होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "काय विचारू मग?"

"साखर किती. बास."

"आणि त्याच्यापुढं?"

"त्याच्यापुढं काही नाही. परत एकदा तक्रार आली ना आनंदीबाई, तर दारात मी दुसरं कुणी उभं करीन. मला ते करायचं नाहीये."

आठवड्याचे सहा दिवस त्या नळ्या, सुया आणि अरबी शिव्या यांच्यात काढायच्या, ते या सातव्या दिवसाच्या दारासाठी.

उपासनेला वीस मिनिटं होती तेव्हा तो आला. चाळिशीचा, सडपातळ, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी हातभर ठिपके पडलेला. शर्टाला नुकतीच इस्त्री केलेली.

"इथं एक मराठी बाई उभी असते असं बसवाल्यानं सांगितलं," तो म्हणाला.

"मीच ती. या. साखर किती?"

"दोन चमचे." त्यानं कप घेतला आणि तिथंच उभा राहिला. "आमच्याकडे गुळाचा असतो."

आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? प्रश्न बाईंच्या दाताशी येऊन थांबला. पलीकडे कमलाकर खुर्च्या लावत होता, पण कान इकडेच होते.

"छान," बाई म्हणाल्या. "बिस्किट घ्या."

"मी गुणाजी."

"बरं झालं आलात."

पुढे काय, गुणाजी काय? बाईंनी ओठ मिटून घेतले. गुणाजीनं बिस्किट चहात बुडवलं.

"इथली हवा थंड आहे. आमच्या खाडीवर एवढ्यात घामाच्या धारा लागतात."

कुठली खाडी? दाभोळची की जयगडची? मासे कुठले? घर पाण्याला लागून आहे का? बाईंनी किटलीचं झाकण काढलं, परत लावलं.

"थंडच आहे," त्या म्हणाल्या.

"धाकट्या मुलीला मी अजून पाहिलं नाही," तो म्हणाला आणि थेट त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

एवढ्यावर तर दगडानंसुद्धा विचारलं असतं, नाव काय ठेवलं मुलीचं? पण प्रश्न ऐकून तुळसाबाईनं खाली मान घातली होती, हे बाईंना आठवलं. म्हणजे विचारलं की जखम, आणि नाही विचारलं तर?

"अजून थोडा देऊ चहा?"

गुणाजीनं कप टेबलावर ठेवला. अगदी आवाज न करता.

"नको. अडीच वर्षं झाली, बाई. मजुरांच्या कॅम्पात मला एकशे चौदा म्हणतात. पगाराला एकशे चौदा, जेवणाला एकशे चौदा. म्हटलं, मराठी माणूस आहे, विचारील कुठला म्हणून. देव कुठला का असेना." तो हसला. "चालायचंच. बस निघेल माझी."

आणि तो पायऱ्या उतरून फाटकाकडे निघालासुद्धा.

कमलाकर लगबगीनं आला. चेहऱ्यावर समाधान होतं.

"बघा, जमलं की नाही? काही खोदून विचारलं नाहीत. असं पाहिजे."

"तो चहा पिऊन गेला, भाऊ. बसला नाही."

"येईल पुढच्या शुक्रवारी."

"तुळसाबाईचंही असंच म्हणाला होतात."

"तिला विचारलंत म्हणून ती गेली."

"आणि ह्याला नाही विचारलं म्हणून हा गेला. तिला झाकायचं होतं, ह्याला सांगायचं होतं. तोंडाकडं बघितलं असतं तर दोन्ही कळलं असतं मला. मी तिच्या बांगड्यांकडं बघत बसले आणि ह्याच्या वेळी तुमच्याकडं."

कमलाकरनं फाटकाकडे पाहिलं. बाहेर कॅम्पाच्या बसनं इंजिन सुरू केलं होतं. आत उपासना चालवणारे पाळकसाहेब प्रार्थनेचं पुस्तक उघडत होते.

"हे बघा," तो म्हणाला, "नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक असा नाही चालणार. दारात उभं राहायचं तर माझ्या पद्धतीनं. आता दार सोडून त्याच्यामागं गेलात, तर पुढच्या शुक्रवारी किटली दुसऱ्याच्या हातात असेल. रागानं नाही सांगत. जाणार आहात का?"

आनंदीबाईंनी किटली खाली ठेवली, खुंटीवरचा बाहेर जायचा काळा झगा, अबाया, खांद्यावर ओढला, चपला पायात सरकवल्या आणि बसच्या दिशेनं पायऱ्या उतरल्या.