ट्रॅक्टरचा खांदा

लग्न होऊन मी अमरावतीच्या राजापेठेतून अकोल्याजवळच्या एका खेड्यात आले, त्याच वर्षी आमच्या घरी ट्रॅक्टरही आला. आम्हा दोघांचं स्वागत सारखंच झालं. पायावर पाणी घातलं, ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कोण किती काम करतं ते बघत सगळे ओसरीवर बसले. फरक इतकाच, की माझ्यात काही खोट निघाली तर मला माहेरी धाडता आलं असतं. ट्रॅक्टरला माहेर कुठलं? लढाई संपल्यावर पलटणीचं जुनं सामान लिलावात निघालं होतं, त्यातून आमच्या ह्यांनी तो उचललेला. "असा नग अख्ख्या वऱ्हाडात नाही," म्हणायचे. ते अगदी खरं होतं. तसला नग मी त्यानंतरही कुठं पाहिला नाही.

ट्रॅक्टर आला म्हणजे आता बैलजोडी हवी कशाला, असा ह्यांचा हट्ट. आणि मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सगळा जीव त्या जोडीत. वासरं असल्यापासून हातानं वाढवलेली. मामंजी कधी भांडत नसत, फक्त जेवत नसत. दोन वेळा ताट तसंच परत आलं, तेव्हा ओढ्याकाठच्या माळ्यानं तोड काढली. वांगी, गोबी, झेंडू लावायचा तो. म्हणाला, "जोडी मी नेतो, पाटील. दसऱ्यापावतर तुमचीच समजा. तोवर तुमचं यंत्र नाई चाललं तं सोडून घेऊन जा, मी हूं का चूं करनार नाई. पन दसऱ्याच्या बाद मांगाले येऊ नोका."

मामंजी जेवले. ह्यांनीही मान्य केलं, कारण ट्रॅक्टर चालणार नाही ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हती.

पोळ्यापर्यंत चाललाही. पोळा झाला आणि त्याला दुखणं लागलं. सकाळी बटण दाबावं तर आतून नुसतं 'कट्'. दिवा लावला तर विझत्या विडीसारखा लाल. हँडल होतं, पण बॅटरीत जीव नसला की हँडल मारून माणसाचा खांदा निखळतो, ठिणगी काही पडत नाही. गव्हासाठी राखलेलं वावर तसंच पडलेलं, वर गवत माजत चाललेलं, आणि येणारा-जाणारा बांधावर थांबून विचारायचा, "काहून पाटील, आज सुट्टी दिली का याले?" हे नुसते दात-ओठ खायचे.

बॅटरी चार्ज करणारा मिस्त्री अकोल्याला, जठारपेठेत. बॅटरी म्हणजे शिशाचं धूड, आत तेजाब. ती काही डोक्यावर नेता येत नाही, गाडी लागते. गावात रिकामी गाडी सापडायची ती माळ्याची, आणि तिला जुंपलेले बैल आमचेच! आता बोला. आमच्या ट्रॅक्टरला दवाखान्यात कोण नेणार, तर ज्यांना त्यानं घराबाहेर काढलं ते. ह्यांना लाज वाटायची, म्हणून ते सायकलवर पुढं निघून जात. गाडीत मामंजी, बॅटरी गोणपाटात गुंडाळून शेजारी, हातात कासरा. जाताना बैलांशी बोलत जात आणि येताना घरच्यांशी हसून बोलत. त्या काळात मामंजी खूश दिसायचे ते बॅटरी मेली की.

मिस्त्री मोठा बोलघेवडा. काचेच्या नळीनं तेजाब वर ओढायचा, उजेडात धरायचा, वैद्यासारखा हुंकार द्यायचा, आणि दर खेपेला नवं निदान. आधी म्हणाला, तारा जोडायच्या खांबांवर पांढरा मळ साचला आहे. ह्यांनी गरम पाण्यात सोडा टाकून खांब असे घासले, की माझ्या पितळेच्या भांड्यांना तसं नशीब कधी लाभलं नाही. मग म्हणाला, विहिरीचं पाणी घालत असाल, याला शुद्ध केलेलं लागतं. आलं शुद्ध पाणी, बाटलीतून. आम्ही सगळे विहिरीचं पीत होतो आणि ट्रॅक्टर बाटलीतलं. शेवटी इंजिन चालताना बॅटरी भरतो तो डायनामोच काढून नेला. मिस्त्रीनं तो दुकानात फिरवून दाखवला तर लख्ख दिवा लागला. "डायनामो एक नंबर! पट्टा ढिला असन, दाबून पाहा." पट्टा म्हणजे इंजिनवरून डायनामोला फिरवतो तो. ह्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला. ताठ होता. हाताला तेलकट लागला, पण त्या ट्रॅक्टरवर तेलकट नव्हतं असं काय होतं?

तर बॅटरी चांगली, डायनामो चांगला, पट्टा ताठ. आणि इंजिन सुरू असताना चार्जकडं झुकायला हवा तो काटा उलट्याच बाजूला मान टाकून पडलेला. बॅटरी भरून आणावी, दोन-चार दिवस चालावी, पुन्हा 'कट्'.

ह्याच दिवसांत आमच्या शिंक्यातलं लोणी कमी व्हायला लागलं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्याकडं पाहिलं आणि शिंकं हातभर वर बांधलं. शहरातली सून, लोण्याची चटक! माझं डोकं असं सणकलं म्हणता! मी त्या दिवशी ताकसुद्धा शिवले नाही. मांजरीवर आळ घेतला आणि तिला बाहेर कोंडलं, तरी लोणी आपलं जातच होतं.

दसरा तोंडावर आला. बॅटरी नुकतीच भरून आणलेली. मी न्याहारी घेऊन वावरात गेले तर ट्रॅक्टर धडधडत उभा, आणि हे काट्याकडं डोळे लावून. जवळ गेले तशी नाकाला काहीतरी लागलं. धूर होता, रॉकेल होतं, आणि त्यात बाई, लोणी कढवल्याचा वास! पुढं वाकून पाहिलं. डायनामोच्या चाकाच्या काठावर पिवळं काहीतरी थापलेलं. बोट लावायचं धाडस झालं नाही, पण हळद कुठली आणि रंग कुठला ते कोणत्याही बाईला लांबून कळतं.

"मशीन बंद करा," मी म्हटलं. "माझं लोणी सापडलं."

ह्यांनी बंद केलं, पाहिलं, आणि काय समजायचं ते एका क्षणात समजले. पट्टा चाकावरून नुसता घसरत होता. वरवर फिरल्यासारखा दिसायचा, डायनामो मात्र जागेवर डुलक्या घ्यायचा. मामंजी बांधावर बाभळीखाली बसले होते. हे तिथूनच ओरडले, "बाबा! बैल पायजे होते तं तोंडानं सांगाचं होतं! असं चोरून काहून केलं?"

मामंजी उठले. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही.

"चोरून? अरे, त्याची खांदमळनी केली मी."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, वर्षभर जू वाहून सोललेल्या बैलांच्या खांद्यांना आपल्याकडं हळद-लोणी चोळतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणतात. त्या संध्याकाळी जन्मात पहिल्यांदा मामंजींचे हात रिकामे होते. घरात कामाचं जनावर म्हणावं असा हा एकच. पण त्याचा खांदा कुठं? त्यांनी ट्रॅक्टरभोवती फेरी मारली. जिथं पट्टा घासत होता, जिथं लोखंड झिजून चकचकीत झालं होतं, तिथं हात ठेवला आणि मळला. रीतसर आवतणही दिलं.

"मंग तो बिमार पडला," मामंजी सांगत होते. "मले वाटलं, खांदा दुखून राहिला याचा. म्हणून बॅटरी आली का मी अजून लावत होतो. दाबून दाबून लावलं रे. काई कमी नाई केलं."

ह्यांचा विश्वास बसेना. मला मात्र राग आला तो ह्यांचाच. "अहो, ज्याला बिघाडच करायचा तो मूठभर माती टाकील," मी म्हटलं, सासऱ्यांसमोर, पदर खांद्यावर घसरलेला तसाच. "हळद कशाला लावील? आणि आवतण कशाला देईल?" बायको इतकं बोलते, हे ह्यांना लोण्यापेक्षाही नवीन होतं.

मामंजींनी विचारलं, "म्हंजे हे पुसलं का चालते?"

"चालते," हे म्हणाले.

"मंग काटा उठते?"

"उठते."

"आन् मंग दसऱ्याले..."

पुढचं तिघांनाही कळत होतं, की मामंजी गप्प बसले असते, आणखी चारदोन बोटं लोणी लावलं असतं, तर जोडी घरी आली असती. मामंजींनी मला म्हटलं, "सूनबाई, घरून सोड्याचं पानी आन. कढत आन." मी आणलं. ह्यांनी हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला. स्वतःच्या धोतराचा सोगा फाडून त्यांनी चाक पुसलं, खाचेत बोट घालून पुसलं, पट्टा वीतवीत फिरवत आतून पुसला, कोरडा केला, पुन्हा पुसला. बैलाला धुवायचे तसेच, घाई न करता.

इंजिन लागलं. काटा थरथरला आणि चार्जकडं गेला. ह्यांनी "जमलं!" म्हणून अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या वावरातले लोक बघायला लागले. मग त्यांची नजर वडिलांकडं गेली आणि आरोळी अर्ध्यात विरली. मामंजी म्हणाले, "हाक आता. वाफसा चालला."

दसऱ्यापर्यंत वावर तयार झालं. दसऱ्याच्या संध्याकाळी मामंजी आपट्याची पानं घेऊन निघाले. मला माळिणीला सोनं द्यायचं होतं, म्हणून मीही मागून गेले. माळ्याला सोनं दिलं, गळाभेट झाली, जोडीचा शब्द कोणीच काढला नाही. मग मामंजी म्हणाले, "जराक पाहून येतो," आणि गोठ्याकडं वळले.

बैल रवंथ करत बसले होते. मामंजी दाराशी दिसले मात्र, दोघंही धडपडून उठले आणि दावं ताणून पुढं आले, घरी निघायला तयार.

मामंजींनी हात पुढं केला नाही. "बसा रे," म्हणाले, "बसा." मी माळिणीशी बोलून, हळदीकुंकू घेऊन, परत दाराशी आले तरी ते तिथंच उभे होते. "हे बसले का मंग घरी जाऊ," मला म्हणाले. अंधार पडला, माळ्यानं कंदील आणला, तरी बैल काही बसेनात.