आतून पोच नाही

"तुमचा हात लागला की मशीन बंद पडतं."

साहेब हे सगळ्यांसमोर बोलले. कोणी हसलं, कोणी फायलीत डोकं घातलं. माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. मी रेडी गावची, बौद्धवाडीतली. ऐंशीचं दशक सरत आलेलं, जिल्ह्याच्या कचेरीत कॉम्प्युटर नवा. मोठं मशीन आतल्या खोलीत. त्याला हळदकुंकू, पुढ्यात नारळ. चपला काढून सगळे आत जायचे. मी नाही. माझं लहान मशीन बाहेर, तारेनं जोडलेलं. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती.

मी मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहाचे अर्ज टाइप करायची. त्याच वसतिगृहात राहून मी शिकले होते. माझ्या मशीनमधला प्रोग्राम एकेक नाव तारेतून आत पाठवायचा. आतून पोच आली की पडद्यावर 'सेव्ह्ड' उमटायचं. तार सैल झाली की पोच येत नसे, मशीन तिथंच अडकून पडे. दोष तारेचा, बोलणी मला.

साहेबांच्या नात्यातल्या इंजिनियरनं प्रोग्राम दुरुस्त केला. मशीन वापरणाऱ्यानं दुरुस्ती तपासून सही करायची, असा वरून हुकूम. साहेबांनी छापील कागद माझ्या हातात दिले नाहीत. टेबलावर टाकले.

"वाचून काय कळणार तुम्हाला? सही करा."

वाचले. ओळ न् ओळ. आणि कळलं. तीनदा विचारून आतून उत्तर आलं नाही, तर प्रोग्राम आपणच 'सेव्ह्ड' म्हणून पुढे जात होता. मी तार उपटली, माझंच नाव टाइप केलं. 'सेव्ह्ड'. तार लावून आतली यादी मागवली. नाव नाही.

"आता अडतं का मशीन?" साहेबांनी विचारलं.

"नाही. पण नावं जातात."

"अडत नाही ना? मग करा सही."

टायपिस्ट रोझीनं मला बाजूला घेतलं. "गो, सही कर आनि गप ऱ्हव. ही नोकरी गेली तर दुसरी खंय गावतली तुका?" ती भल्याचंच सांगत होती. तरी मी कागदावर लिहिलं, दुरुस्ती चुकीची आहे, नावं हरवतात. त्याखाली सही केली.

काही बदललं नाही. तो कागद फाडला गेला. नव्या कागदावर दुसऱ्याची सही आली. मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, आलेले अर्ज घ्यायला. मी वर दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही.

जूनमध्ये वसतिगृहाची यादी लागली. शिरोड्याचा एक बाप माझ्या टेबलाशी आला, मुलीला घेऊन.

"बाय, माझ्या चेडवाचा नाव हेच्यात नाय. अर्ज तर मियां दिललो."

साहेब मागे उभे होते. तिला यंदा जागा मिळणार नव्हती. माझ्याकडे द्यायला दुसरं काहीच नव्हतं.

"दिललो," मी म्हटलं. "मियांच ह्या टेबलार घेतललो. आत पोचलोच नाय. ह्यां मी तुमका लिवन दितंय."

साहेबांनी माझं नाव घेऊन हाक मारली. मी वळले नाही. कोरा कागद ओढला, वर माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्या मुलीला तिचं विचारलं.