काचेतला बुडबुडा

जुन्या काचांचा इतिहास शोधत फिरायला लागल्यापासून माझी खात्री झाली आहे, की निम्मं बेल्जियम आपल्याकडच्या माळ्यांवर राहतं. जो तो तडा गेलेली बरणीसुद्धा ‘अस्सल बेल्जमची’ म्हणून दाखवतो, आणि मीही कपभर चहाच्या बदल्यात ती थेट एखाद्या राजवाड्यातली ठरवून टाकतो.

बंद पडलेल्या काचकारखान्यामागच्या चाळीत शांताबाईंनी मात्र कंदिलाची साधी काच पुढे केली. “आमच्या ह्यांनी फुंकलेली. जाऊन वर्ष झालं त्यांना.” काचेत तांदळाएवढा बुडबुडा होता. त्यावर अंगठा ठेवून त्या म्हणाल्या, “ह्यांचा श्वास अडकलाय इथं. सून म्हणते, काहीतरीच, भंगारात द्या. तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा भाऊ.”

असा बुडबुडा भट्टीत वितळलेल्या काचेच्या रसातच धरतो. फुंकणाऱ्याचा श्वास पोकळीत जातो आणि काच फुंकनळीपासून कापली की निघून जातो. हे मला पाठ आहे. आजवर एवढ्या थापा मारल्या, पण एकही एवढी जड गेली नव्हती.

“त्यांचाच आहे,” मी म्हणालो.

काच उचलून शांताबाईंनी खिडकीपासून लांब, सावलीत ठेवली.

“उन्हानं आटायला नको,” म्हणाल्या.