एक वाजताची वाटी

गाडीने अकोला सोडलं तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, चार उकडलेली अंडी, प्रोटीन पावडरचा डबा, गोळ्यांची पाकिटं आणि पाण्याची बाटली एवढाच ऐवज होता. दोन वर्षांपूर्वी याच पिशवीत नुसत्या सकाळपुरत्या सहा पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर चकल्यांचा डबा असायचा, आणि वर्धा यायच्या आत सगळं फस्त झालेलं असायचं.

मला भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडला रेखाकडे जायचं होतं. रेखा माझ्या नात्याची नाही, गोत्याची नाही. सव्वा वर्षापूर्वी नागपूरच्या एका दवाखान्यात वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिची खाट माझ्या खाटेशेजारी होती. पोट वाटीएवढं करून घेतलेले आम्ही अकरा जण तिथे भेटलो आणि घरी गेल्यावर फोनवर एक ग्रुप केला. त्याचा नियम एकच. दुपारी एक वाजता प्रत्येकाने आपल्या जेवणाच्या वाटीचा फोटो टाकायचा. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण त्यानंतर रोज एवढंसंच, चावून चावून, अर्धा तास लावून खायचं असतं, आणि घरच्यांच्या भरल्या ताटांसमोर ते एकट्याच्याने होत नाही. कुणाची वाटी दिसली नाही की मी फोन लावते. मी निवृत्त शिक्षिका, घरी एकटी. हजेरी घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

रेखाची वाटी तीन आठवडे दिसली नव्हती. फोन केला की "हाव ताई, ठीक आहे," एवढंच. तपासणीची तारीखही तिने चुकवली होती. शेवटच्या फोनवर म्हणाली, "मंडईले या ना ताई." मंडई म्हणजे पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीतली दिवाळीनंतरची जत्रा. गावोगावी दंडार (नाचगाण्यांचं लोकनाट्य) होते, घरोघरी पाहुणे जमतात. आमंत्रण आनंदाचं होतं, पण तिचा आवाज अगदी खोल गेलेला होता. मी तिकीट काढलं.

भंडारा रोडला उतरून रिक्षाने आधी भंडाऱ्यात गेले. इथे येऊन पितळेचं भांडं न घेता जाणं मला जमणार नव्हतं. दुकानात गुंड, घागरी, परातींची नुसती रांग. मी सगळ्यात लहान वाटी मागितली.

"लेकराच्या उष्टावनासाठी पायजे का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही हो. चाळिशीतल्या बाईला पाहिजे."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आतून कल्हई केलेली देतो," म्हणाला आणि पुढे काही विचारलं नाही.

तुमसरच्या एस.टी.त खिडकीजवळ बसले. मोहाडीला एक बाई चढली आणि सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. माझ्या शेजारी कित्येक वर्षं कुणी बसतच नसे, कारण जागाच उरत नसे, आणि लोक नजर चुकवून पुढे सरकत. त्या बाईला मी उगीचच एक अंडं देऊ केलं. तिने ते घेतलंही.

तुमसरला राइस मिलमधल्या कोंड्याचा गरम वास स्टँडपर्यंत येतो. रेखाचा नवरा दिलीप तिथल्याच एका मिलमध्ये कामाला. तो मोटरसायकल घेऊन उभा होता. मी मागे बसले, गाडी तसूभरही दबली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) कापणीला आलेल्या, काही ठिकाणी धान कापून त्याची पुंजणी (पेंढ्यांचे मोठे ढीग) रचलेली. दूर डोंगरावर आंबागडचा किल्ला दिसू लागला तसा दिलीप मान वळवून म्हणाला, "ताई, तुमी तिले समजवा. माह्यं तर ऐकतच नाई."

दारात रेखा उभी होती. तिला पाहून मी चरकले. वजन उतरलं होतं हे खरं, पण त्याबरोबर चेहऱ्याची रयाही गेली होती. तिची सासू कौसल्याबाई सत्तरीच्या, काटक, हाताने सतत काहीतरी करणाऱ्या. त्यांनी माझे पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच पानं घेतली. रेखाने मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. मी "पोट जरा नाजूक आहे" म्हणून सुटले. रेखाच्या ताटात मात्र भाताचा डोंगर, त्यावर वरण, त्यावर तुपाची धार, कडेला लाखोळीच्या डाळीचे वडे.

"खाय माय, पुरं खाय," कौसल्याबाई सारख्या म्हणत होत्या आणि वाढत होत्या.

रेखाने सगळं खाल्लं. आमच्यासारख्यांनी भात असा भराभर खाल्ला तर तो छातीत अडकून बसतो. दहाव्या मिनिटाला घरामागून ओकारीचा आवाज आला. कौसल्याबाईंनी तो ऐकला, पदराने डोळे पुसले आणि उद्यासाठी आणखी तांदूळ निवडायला घेतले. मला काही उमजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी किल्ल्याच्या पायवाटेने निघालो. सागाच्या झाडांखाली वाळलेली पानं चुरचुरत होती. पूर्वी मला शाळेचा जिना चढताना मधे दोनदा थांबावं लागे. इथे मी न थांबता चढत होते आणि रेखाच, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मागे राहत होती. एका दगडावर ती बसली.

"ताई, पायात मुंग्या येऊन राहिल्या. चालताना तोल जाते."

उलट्या होत राहिल्या तर शरीरातलं जीवनसत्त्व संपतं, नसांवर परिणाम होतो, मुंग्या आल्या तर एक दिवसही थांबू नका, असं डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं होतं. मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. उद्याच्या उद्या घेऊन या, असं उत्तर आलं.

"नाई जमत," रेखा म्हणाली. "आईले काय सांगू, नागपूरले कायले चालली म्हून?"

"म्हणजे? त्यांना ऑपरेशनचं माहीत नाही?"

"पोटात गाठ होती, ते काढली, असं सांगतलं आमी. वजनासाठी पोट कापून घेतलं म्हनलं असतं तर आई म्हनल्या असत्या, कमी खाता येत नव्हतं का तुले? साऱ्या गावानं हेच म्हनलं असतं. साखर वाढली होती, गुडघे गेले होते, रोवणीले (धान लावायला) वाकता येत नव्हतं, हे कोन ऐकते?"

"मग एवढं खातेस कशाला?"

"मी वाळत गेली तसी आई जास्तच वाढून राहिली. मायेनं वाढते ताई. नाई कसं म्हनू? पुन्हा विचारतीन, काहून नाई खात. म्हून खातो नि मागं जाऊन टाकतो. वाटीचा फोटो कसाचा टाकू तुमाले?"

मी तिला तिथल्या तिथे चांगलं फैलावर घेतलं. नाही म्हणायला शिक, जीव जाईल, आज घरी जाऊन सांगून टाक, नाहीतर मी सांगते. ती मुसमुसत म्हणाली, "तुमी नोको सांगू. मंडई होऊ द्या, मंग पाहू." वर तटापर्यंत गेलोच नाही. तिला हात धरून खाली आणलं.

दुपारी मंडई भरली. शेव-चिवड्याची दुकानं, बांगड्या, पाळणे, आणि मधे दंडारीचा ढोल. मंडईला आलेला पाहुणा एका घरचा नसतो. आळीतल्या प्रत्येक घरी त्याला नेतात, आणि काही तोंडात घातल्याशिवाय सोडत नाहीत. पहिल्या घरी साखरेचा चहा झाला, दुसऱ्या घरी पुन्हा चहा. तिसऱ्या घरी एका थकलेल्या आजींनी नव्या तांदळाची खीर माझ्या हातात दिली. "पयल्यांदा आल्या आमच्या गावाले. येवढी खाच," म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मी एक चमचा घेतला, मग दुसरा. वाटी संपली. सकाळी दगडावर उभं राहून नाही म्हणायला शिक असा उपदेश करणारी बाई ती हीच.

पाव तासात छाती धडधडायला लागली. अंगाला दरदरून घाम सुटला, ढोलाचा आवाज लांबून यायला लागला आणि मी खालीच बसले. हे आम्हाला होतं. गोड एकदम आतड्यात उतरलं की शरीर गडबडतं, थोडा वेळ आडवं पडलं की ओसरतं. पण हे सांगायला माझ्या तोंडून शब्द फुटेना. कुणीतरी मला उचलून बाजेवर निजवलं. भोवती गर्दी झाली.

"गुळाचं पानी आना!"

"साखर घाला तोंडात, साखर!"

कौसल्याबाई खरंच साखरेची मूठ घेऊन माझ्यावर वाकल्या. एवढ्यात रेखाने त्यांचं मनगट धरलं.

"साखर नोको आई! गोडानंच झालं हे. नुसतं पडून राहू द्या."

"तुले काय मालूम?"

"मालूम हाय. मले बी होते असंच." रेखाने हात सोडला नाही. "ताईचं नि माह्यं एकच ऑपरेशन झालं. गाठ-बिठ काई नव्हती, आई. वजन कमी करासाठी पोट लहान करून घेतलं आमी. खोटं बोलली मी तुमाले."

कौसल्याबाईंच्या मुठीतली साखर खाली सांडत होती. त्या तशाच जमिनीवर बसल्या.

"गाठ नव्हती?"

"नाई."

"म्हंजे तू मरून नाई राहिली?"

मग कौसल्याबाईंना रडू फुटलं. रडता रडता त्या सुनेच्या पाठीवर गुद्दे घालत होत्या आणि तिला छातीशी धरतही होत्या. "अवो, रोज वाळून राहिली, रोज उलट्या, केस गळले! गाठ पसरली म्हनलं, नि तुमी दोघं लपवून राहिले माह्यापासून! मंग म्हनलं, जेवढे दिस हाय तेवढे लेकरू पोटभर खाऊन तरी जाईन. मी का दुश्मन होतो का तुही?"

मी बाजेवर पडल्या पडल्या रडत होते. भीती आणि माया दोन्ही खऱ्या, आणि दोघींनी मिळून रेखाला जवळजवळ संपवत आणलं होतं. मला सावरायला आणखी अर्धा तास लागला. आपल्या हावरटपणाबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाचे आभार मानले.

संध्याकाळी घरी मी भंडाऱ्याची वाटी बाहेर काढली. कौसल्याबाईंनी ती तळहातावर ठेवली, उलटी केली, सुलटी केली.

"ह्याच्यात? येवढं तर मी लोनचं घेतो."

"एवढंच. पण दिवसातून चार-पाच वेळा. आधी डाळ, अंडं, मासा; भात शेवटी. आणि जेवताना पाणी नाही."

त्यांनी वाटी चिंचेने घासून लख्ख केली, त्यात मुगाचं मऊ वरण घेतलं आणि रेखासमोर बसल्या. मग माझी नोकरीच गेली. "चाव. अजून चाव. गिळू नोको, मी पाहून राहिलो!" चाळिशीतली सून तोंड मिटून हसत होती आणि चावत होती. वाटी संपली. घरामागे कुणी गेलं नाही.

सकाळी तुमसर रोडहून गाडी पकडली ती आम्ही तिघींनी. "मी येतो नागपूरले. डाक्टरले मलेच काई विचाराचं हाय," म्हणून कौसल्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आधीच तयार होत्या. समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने चिवड्याचा डबा पुढे केला तेव्हा रेखा अवघडली. कौसल्याबाईंनी हात आडवा घातला.

"तिले नोको. तिचं पोट वाटीयेवढं हाय, ऑपरेशन झालं तिचं," त्या डबाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मले द्या."

दवाखान्यात रक्त तपासलं, इंजेक्शनं सुरू झाली. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. कौसल्याबाईंनी त्यांना काय विचारलं ते मला कळलं नाही, पण बाहेर आल्या त्या कागदावर गोळ्यांच्या वेळा लिहून घेऊनच. स्टेशनवर त्यांनी मला मिठीच मारली. मी कुणाच्या मिठीत सहज मावते याची मला अजून सवय झालेली नाही.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी अंग आंबलं होतं. स्वयंपाक केला नाही. एकटीसाठी कोण करणार, असं म्हणत लोळत राहिले. पिशवी तशीच दारात पडलेली. आंबागडला जाऊन मी काय केलं याचा विचार करत होते. समजूत घालायला गेले आणि खीर खाऊन पडून राहिले, एवढंच. बाकी सगळं रेखाने केलं. स्वतःसाठी जे तिला सव्वा वर्षात बोलता आलं नाही, ते माझ्यासाठी ती एका क्षणात बोलली. त्या मुलीची मी जन्माची ऋणी आहे.

एक वाजता ग्रुपवर पितळेची वाटी आली, तीन आठवड्यांनंतर. वरण, अर्धं अंडं, आणि कडेला सुरकुतलेला एक हात. बाकीच्या नऊ जणांनी आनंद केला. मीही फोन छातीशी धरला आणि पुन्हा डोळे मिटले.

दीड वाजता रेखाच्या फोनवरून एक ध्वनिसंदेश आला. आवाज कौसल्याबाईंचा होता.

"मॅडम, साऱ्याईच्या वाट्या आल्या. तुमची काहून नाई दिसून राहिली? जेवल्या नाई का?"

मी उठले आणि मूग शिजायला टाकले.