गच्चीचा पाइप

राजाजीनगरात विश्वेश्वरअण्णाच्या घरी खाली भाड्यानं राहणारी सोयराक्का सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात अशी भडकली, की अख्खी गल्ली दारात आली. नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे गच्चीवरचं पाणी ती पाइपानं आपल्या पिंपात घ्यायची. पिंप नवऱ्यानं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून आणलेलं, तिनं आठ दिवस राखेनं घासलेलं. त्यावरच तिचं घर चालायचं. आधी अण्णा तिच्या या खटाटोपाला हसायचा. यंदा मात्र न विचारता त्यानं पाइप स्वतःच्या टाकीत वळवला.

“गच्ची माझी, पाणी माझं,” तो म्हणाला.

“सरी, बरं अण्णा. मग झाडूही तुमचाच.” झाडू त्याच्या दारात आपटून अक्का घागरी घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या बोअरवर गेली.

आठवड्यानं पाऊस पडला. अण्णा तांब्या नाकापासून लांब धरून आला. “अक्का, पाण्याला स्वल्प वास येतोय.”

“स्वल्प? आठवडाभराची कबुतरांची घाण आहे ती. ढग दिसले की गच्ची कोण झाडत होतं? पहिलं पाणी गटारात कोण सोडत होतं? तुमचे पूर्वज?”

त्याच दुपारी अण्णानं पाइप परत पिंपावर बसवला. अक्का हसली नाही.

“आज गच्ची तुम्ही झाडा,” ती म्हणाली. “मी उद्यापासून.”