चावी आत, मालक बाहेर

आमच्या अप्पांचा लातूरला फोटो स्टुडिओ होता. गुडघे थकले तसा त्यांनी तो बंद केला आणि निगेटिव्हांनी भरलेले पत्र्याचे डबे माझ्या नांदेडच्या घरी आले. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. फिजिक्स शिकवणाऱ्याला कुठलंही यंत्र जमतं, असा आमच्या घरात एक समज आहे. तो फक्त माझाच आहे.

संध्याकाळी बसून बसून मी सगळ्या निगेटिव्हा स्कॅन केल्या. ठेवायच्या कुठं? परक्या कंपनीच्या भाड्याच्या जागेत बापाची हयात ठेवायला मन होईना. म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा घरगुती सर्व्हर केला. म्हणजे तो माडीवर कायम चालू राहणार, सगळे फोटो त्याच्या पोटात, आणि ते लातूरहूनसुद्धा इंटरनेटवरून उघडता येणार. नांदेडच्या उन्हाळ्यात तो तापून बंद पडायला लागला, तेव्हा मी हॉलमधला कूलर उचलून वर नेला.

"माणसं खाली उकडून राहिलीत आणि मशीनला कूलर," बायको म्हणाली. मग तीही दुपारचं ताट घेऊन माडीवरच बसायला लागली.

बाहेरून यायची वाट मोकळी केली त्याच दिवशी दिसलं, की देशोदेशींहून कुणी ना कुणी आमचं दार ठोठावून बघतंय. अशी ठोठावणारी यंत्रं सगळ्यांच्याच दारावरून फिरतात, हे मला ठाऊक होतं. तरी स्टाफरूममध्ये मी असं सांगितलं, की जणू अप्पांनी काढलेल्या जावळाच्या फोटोंवर परदेशाचा डोळा आहे. मग पासवर्ड बंदच करून टाकला. त्याऐवजी एक चावी केली. ही चावी म्हणजे एक छोटी फाइल. ती ज्या लॅपटॉपमध्ये असेल त्यालाच दार उघडायचं. दिवाळीत नवा लॅपटॉप घेतला, जुन्यातलं सगळं पुसून तो पुतण्याला दिला, आणि चावीची एक प्रत आठवणीनं सुरक्षित जागी ठेवली.

त्यानंतर थंडीत मी नवा लॅपटॉप घेऊन लातूरला अप्पांकडे गेलो होतो. सकाळी दोघी बाया दारात आल्या. एक पस्तिशी ओलांडलेली, दुसरी तिची म्हातारी मावशी. किल्लारीजवळच्या गावाहून जीपनं आल्या होत्या.

"फोटोवाले अप्पा हेच का?" मावशीनं विचारलं. "भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या गावात एक लगीन झालतं. तुम्ही फोटो काढायला आलतात. हिची आई भूकंपात गेली. घरातलं काहीच ऱ्हायलं न्हाई. तिचा एखादा फोटो घावतो का बघा."

"मला चेहराच आठवत न्हाई," भाची खाली बघत म्हणाली.

अप्पा ताठ बसले. "पोरानं समदे फोटो मशिनीत घातलेत. आत्ता दावतो."

मी ऐटीत लॅपटॉप उघडला. सर्व्हरनं चावी मागितली. ती या लॅपटॉपमध्ये घालायची राहिलीच होती, आणि मला ती सुरक्षित जागा आठवली.

"काय करायलास?" अप्पा म्हणाले.

"चावी मागतोय."

"मग दे की."

"चावी सर्व्हरमध्येच आहे."

अप्पांनी दोघींकडे बघून भाषांतर केलं, "चावी आत ऱ्हायली."

"होतं तसं," मावशी समजुतीनं म्हणाली. "आमच्या जावयानं जीपमधी ठेवून दार लावून घेतलं होतं."

मी नांदेडला बायकोला फोन लावला. ती म्हणाली, चावीची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवते.

"नको," मी म्हणालो. "चावी अशी उघड्यावर पाठवायची नसते."

"मग कशी पाठवायची असते?"

"सर्व्हरवरून."

तिनं चावीचा विषय सोडला. मग म्हणाली, "त्या बायांना कुठल्या गावचं लग्न पाहिजे ते विचारा."

फोल्डरांना गावांची नावं दिली होती, एवढं एक काम माझ्याकडून बरं झालं होतं. तिनं माडीवर जाऊन ते गाव काढलं आणि पडद्यावर दिसेल तो फोटो मोबाइलनं टिपून पाठवायला लागली. नवरा-नवरी, मांडव, वाजंत्री, प्रत्येकावर आमच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. मावशी माझा फोन डोळ्यांपाशी धरून मान हलवत होती. "ही न्हाई. ही बी न्हाई."

मग पंगतीचा फोटो आला. हातात बादली घेऊन एक बाई वाढत होती, मान मागं वळवलेली, तोंड उघडं. तिच्या पदराला एक पोरगी लोंबकळत होती.

"ही तुझी आई," मावशी म्हणाली. "आन् ही पदराला धरलेली तू."

भाचीनं फोन घेतला. दोन बोटांनी चेहरा मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"हसायली का ती?" तिनं विचारलं.

"कशाची हसती? वरडायली. वाढायला माणूस कमी पडलं की अशीच वरडायची."

भाचीला हसू फुटलं. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. अप्पा उठून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. तो अजून चावीच मागत होता. मी हळूच झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन मी मूळ फोटोचा मोठा प्रिंट काढला. अप्पांनी फोनवर तीनदा बजावलं, चेहऱ्यावरची सावली पुसू नको, मांडवातला उजेड तसाच असतो. प्रिंट त्या भाचीला पोचला. आता लातूरहूनही सर्व्हर नीट उघडतो. चावीच्या प्रती दोन ठिकाणी आहेत, दोन्ही घराबाहेर.

त्या गावातले आणखी लोक आपापली माणसं शोधायला अप्पांकडे येतात. अप्पा त्यांना चहा देतात, गाव विचारतात आणि नांदेडला फोन लावतात. मला नाही, बायकोला.